तोंडाने म्हणावं लागतं

पोलिसांनी दिलेल्या यादीत आठ वस्तू होत्या. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, एक. मॅगझिन, एक. गोळ्या, नऊ. पेनसिल्व्हेनियाचा परवाना. पाकीट. फोन. किल्ल्यांचा जुडगा. आणि सगळ्यात शेवटी, 'ब्लेंडरचं स्टीलचं भांडं, झाकणासह'.

ते भांडं माझं. उन्हाळ्यात ताईकडे राहून गेलेलं. भाचा शनिवारी आमच्याकडे येतोय म्हटल्यावर मीच फोन करून सांगितलं होतं, येताना तेवढं मिक्सरचं भांडं घेऊन ये रे. त्यामुळे ती यादी वाचताना मला पिस्तुलापेक्षा त्या भांड्याचाच धक्का जास्त बसला. तो त्या रात्री त्या रस्त्यावर होता तो माझ्यामुळे.

ताईचं घर पेनसिल्व्हेनियात, आमचं न्यू जर्सीत. मध्ये डेलावेअर नदी. आमच्या लेखी ती नदी म्हणजे एक पूल आणि गाडीच्या खिडकीतून दिसणारं थोडं पाणी, एवढीच. कायद्याच्या लेखी ती केवढी रुंद आहे, हे त्या रात्री कळलं.

भाचा पेट्रोल पंपाला जोडलेल्या दुकानात रात्रपाळी सांभाळतो. एकदा तिथे लूट झाली. कुणाला इजा झाली नाही, पण गल्ल्यावर हा एकटाच होता. नंतर त्याने पिस्तूल घेतलं. ताई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. दाजी गप्प राहिले, ते नेहमीच राहतात. मला स्वतःला घरात शस्त्र असण्याची कल्पना सहन होत नाही आणि हे मी त्याला ऐकवलंही होतं. पण एक मान्य करायला हवं, त्याने सगळं रीतसर केलं. ग्रीन कार्डवर पिस्तूल घेता येतं. दुकानात फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, मग काउंटीच्या शेरीफकडून जवळ बाळगण्याचा परवाना घेतला. शिकवणाऱ्या माणसाने त्याला एक गोष्ट पक्की बजावली होती: पोलिसाने थांबवलं तर लपवू नकोस, आधी सांग.

त्याने सांगितलं. मागचा दिवा बंद म्हणून गाडी थांबवली होती. पोलिसाने सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडीत मला माहीत असावं असं काही आहे का? हा म्हणाला, हो सर, ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये पिस्तूल आहे आणि हा माझा परवाना.

न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. इथल्या परवान्याशिवाय गाडीत पिस्तूल सापडणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, शिक्षा ५ ते १० वर्षं. त्यावर ग्रेव्ह्ज अ‍ॅक्ट. पॅटरसन शहराचे महापौर राहिलेल्या एका सिनेटरच्या नावाचा हा १९८१ सालचा कायदा. पिस्तूल दाखवून लुटणाऱ्यांना जरब बसावी म्हणून केला, पुढे त्यात नुसतं बाळगणंही आलं. हा कायदा म्हणतो, जी शिक्षा होईल तिची निम्मी किंवा ४२ महिने, यांतलं जे जास्त असेल ते पूर्ण आत काढायचं. त्याआधी पॅरोल नाही. १० वर्षं झाली तर निम्मी म्हणजे ५. राज्यातून नुसतं पार जाणाऱ्याला १९८६ चा एक केंद्रीय कायदा संरक्षण देतो, पण पिस्तूल रिकामं हवं आणि हाताशी नको, डिकीत कुलूपबंद हवं. याचं भरलेलं होतं, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. शिवाय गोळ्या टोकाशी पोकळ असलेल्या. दुकानदाराने 'याच चांगल्या' म्हणून दिल्या होत्या. न्यू जर्सीत त्या घराबाहेर बाळगणं हा आणखी एक स्वतंत्र गुन्हा.

२०१७ पासून इथे पैसे भरून जामीन घेण्याची पद्धत जवळपास बंद झाली आहे. माणूस धोकादायक आहे का, पळून जाईल का, याचा हिशेब करून सोडायचं की ठेवायचं ते ठरतं. त्या हिशेबासाठी दोन रात्री तो आत होता. तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "मावशी, भांडं गाडीतच राहिलं गं."

ऑफर दोन महिन्यांनी आली.

वकीलबाईंचा आवाज फोनवरच खुलला होता. सरकारी वकील ग्रेव्ह्जची सक्ती माफ करून घ्यायला तयार आहेत. मुलाने शस्त्र बाळगल्याचा गुन्हा कबूल करायचा, गोळ्यांचं कलम ते मागे घेतील, आणि शिक्षा फक्त प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून देखरेख. तुरुंगाचा एक दिवसही नाही. उत्तराला तीन आठवडे. ही उदारता आकाशातून पडलेली नव्हती. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई अशीच पूल ओलांडून इथे आली होती, तिनेही असंच आपणहून पोलिसाला सांगितलं होतं, आणि तीही अशीच अडकली होती. खूप गाजलं ते प्रकरण. शेवटी तिला खटल्याऐवजी सुधारणेच्या कार्यक्रमात घेतलं, २०१५ मध्ये गव्हर्नरने माफीही दिली. मधल्या काळात राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने सरकारी वकिलांना सूचना दिली की परराज्यातला परवाना असलेली, चुकून शिरलेली माणसं जरा वेगळी पाहा. माझा भाचा त्या बाईच्या पुण्याईवर प्रोबेशनपर्यंत पोचला होता.

आमच्या घरात निर्णय व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. निर्णय म्हणजे आमचा, त्याला कुणी विचारलं नव्हतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे दुधाबरोबर पाजतात. चढलाच असाल तर मिळेल त्या पहिल्या वाटेने उतरा. 'मिटवून टाक' हा शब्द त्या आठवड्यात मी किती वेळा वापरला असेल, देव जाणे. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. ताई निदान रडत तरी होती, मी आकडे सांगत होते. अमेरिकेत केंद्रीय कोर्टांतल्या दर १०० दोषींपैकी ९७ जण, आणि राज्यांच्या कोर्टांत ९४, खटला न चालवता गुन्हा कबूल करूनच दोषी ठरतात. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातले हे आकडे. बघ, मी म्हणत होते, सगळे हेच करतात. सगळे करतात त्यात काहीतरी गडबड असू शकते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कायद्याची पुस्तकं वाचायची मला आता खोड लागली आहे. पॉल हेज नावाच्या माणसाची गोष्ट तेव्हाच वाचली. केंटकीत ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक. सरकारी वकील म्हणाले, कबूल कर, ५ वर्षं मागतो. नाही म्हणालास तर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो, जन्मठेप. तो नाही म्हणाला. जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, सौदा म्हटला की हे चालायचंच. मी ही गोष्ट भाच्याला सांगितली ती त्याला घाबरवण्यासाठी. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ती समजूतदारपणाची वाटत होती.

ताईला वेगळंच खुपत होतं. तिने वकीलबाईंना विचारलं, गुन्हा केला नाही असं म्हणत शिक्षा तेवढी घेता येत नाही का? प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. १९६३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या हेन्री अल्फर्डने अगदी हेच केलं होतं: मी निर्दोष आहे, पण फाशी टाळायला कबूल करतो. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं, आणि बऱ्याच राज्यांत आजही चालतं. न्यू जर्सीत नाही. इथे माणसाला शपथेवर उभं राहून, आपण नेमकं काय केलं, ते आपल्या तोंडाने सांगावं लागतं. न्यायाधीश एकेक प्रश्न विचारतात. 'होय' आणि 'नाही'च्या मागे लपता येत नाही.

"तोंडाने म्हणावं लागतं?" ताईने दोनदा विचारलं.

वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनीच अट घातली की होकार देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. त्यांना ते सांगणं भागही आहे. २०१० च्या पदिया विरुद्ध केंटकी या निकालापासून, कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं हे अशिलाला सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य ठरलं. पदिया चाळीस वर्षं इथे राहिलेला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात असलेला. त्याचा वकील म्हणाला होता, तू इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस.

इमिग्रेशनच्या वकिलांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला. "नागरिक आहे का?"

नाही. चौदाव्या वर्षी आला, ग्रीन कार्ड आहे, पात्र होऊन बरीच वर्षं झाली. अर्ज अर्धा भरून खणात पडलाय. फोटो काढायचे राहिले होते.

ते खुर्चीत मागे रेलले आणि शांतपणे सांगू लागले. कायद्यात एक छोटंसं कलम आहे. बंदुकीच्या कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक देशाबाहेर काढण्याजोगा ठरतो. शिक्षा किती झाली याचा संबंध नाही. प्रोबेशन असो की एक दिवस असो. मी विचारलं, मग तो सुधारणेचा कार्यक्रम? त्या बाईला मिळाला तसा? वर्षभर नीट वागला की केसच रद्द होते ना? ते म्हणाले, कसा देतात त्यावर आहे. आधी गुन्हा कबूल करून घेऊन, मग देखरेखीखाली ठेवून, शेवटी केस रद्द केली, तर राज्याच्या दफ्तरी काहीच उरत नाही. इमिग्रेशनच्या दफ्तरी मात्र तो दोषीच. कबुली अधिक देखरेख, एवढं त्यांना पुरतं.

म्हणजे सगळ्यात गोड दिसणारा कागद सगळ्यात विषारी निघाला. आणि आम्ही दहा मिनिटांत त्यावर सही करायला निघालो होतो.

त्यांनी आणखी एक निकाल सांगितला, तो मी घरी येऊन मुळातून वाचला. ली नावाचा माणूस, १९८२ मध्ये तेराव्या वर्षी दक्षिण कोरियातून आईवडिलांबरोबर आलेला, मेम्फिसमध्ये दोन रेस्टॉरंट चालवणारा. अमली गोळ्यांची केस. तो वकिलाला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला, मला बाहेर काढतील का? वकील म्हणत राहिला, नाही. कबुलीच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, या कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागू शकतं, त्याचा तुझ्या निर्णयावर काही परिणाम होतो का? ली म्हणाला, होतो. कसा? तो म्हणाला, मला कळलं नाही, आणि वकिलाकडे वळला. वकिलाने सांगितलं, हे सगळ्यांनाच विचारतात. मग त्याने कबूल केलं. त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम होता, खटला लढला असता तर जवळजवळ नक्की हरला असता. तरी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्याचं सगळं आयुष्य इथे आहे त्याने एवढ्याशा आशेवर खटल्याचा जुगार खेळणं यात अविचार काही नाही.

आता आमच्यापुढे उरलं ते असं. कबूल केलं तर तुरुंग नाही, पण देश जाण्याची टांगती तलवार. लढलं तर किमान ४२ महिने, आणि हरल्यावर तलवार आहेच. जिंकण्याची शक्यता? वकीलबाईंनी गोड बोलून सांगितलं नाही. पिस्तूल आहे. कॅमेऱ्यावर त्याचं स्वतःचं बोलणं आहे. इथला परवाना नाही. कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही. तो भला आहे, त्याने आपणहून सांगितलं, याला ज्युरीपुढे फारशी किंमत नाही. दोषी ठरवलं तर मुलगा किती वर्षं आत जाईल हे त्या बारा जणांना सांगतही नाहीत.

त्या रात्री तो आमच्याकडेच झोपला. म्हणजे झोपला नाही. अडीच वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर ओट्याला टेकून उभा, हातात पाण्याचा ग्लास, प्यायलेला नाही. मी पुन्हा सुरू झाले. म्हटलं, बाहेर काढतीलच असं नाही, तिथेही न्यायाधीश असतात, तिथेही अर्ज करता येतो. साडेतीन वर्षं म्हणजे काय तुला कळतंय का?

तो म्हणाला, "साडेतीन वर्षं मोजता तरी येतात, मावशी. तिकडे गेल्यावर मी काय मोजू?"

मिरजेचं घर विकून अकरा वर्षं झाली. त्याला मराठी बोलता येतं, वाचायला मात्र एकेक अक्षर लावावं लागतं. मी गप्प बसले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तुला हे संपायला हवंय ना?" त्यात राग नव्हता. पण मला ते लागलं, कारण खरं होतं. गेले दोन महिने मी त्याच्यासाठी सल्ला देते आहे असं समजत होते आणि खरं तर मला ते मिक्सरचं भांडं डोक्यातून जायला हवं होतं. तो प्रोबेशनवर सुटला की माझी सुटका होणार होती.

सकाळी त्याने वकीलबाईंना कळवलं, नाही.

इथल्या कोर्टात एक दिवस असतो, त्यानंतर सौद्याचं दार जवळपास बंद होतं. त्या दिवशी न्यायाधीश आरोपीला समोर उभं करून, खटला हरलास तर जास्तीत जास्त काय होऊ शकतं, ते वाचून दाखवतात. १० वर्षं, त्यांतली ५ पॅरोलशिवाय, गोळ्यांचे १८ महिने वेगळे. "समजलं?" "होय, सर." "ऑफर काय आहे, समजलं?" "होय, सर." "स्वीकारता?" "नाही, सर." न्यायाधीशांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. ताईने माझा हात इतका दाबला की अंगठीचा वळ संध्याकाळपर्यंत राहिला.

खटल्याच्या तारखेला सहा आठवडे होते. एका दुपारी वकीलबाईंचा मला फोन आला, त्याला नाही. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्या पुन्हा पाहत होत्या. सुरुवातीची चार मिनिटं हा 'सर, सर' करतोय. बेड्या घालताना मात्र याचा बांध फुटतो. हा मोठमोठ्याने ओरडतो, गाडीच्या दाराला लाथ मारतो, शेजारून जाणारी एक गाडी हळू होते. चित्रणाच्या लेखी उताऱ्यात त्या जागी लिहिलं होतं, 'परकी भाषा'. तो काय म्हणाला, ते हवं होतं.

हे आम्हाला त्याने सांगितलंच नव्हतं. मी ते पाहिलं. "अरे मीच सांगितलं ना तुला! मीच सांगितलं ना!" आणि मग एक शिवी. अस्सल, त्याच्या आजोबांच्या तोंडची. मी पहिल्या वाक्याचं भाषांतर केलं आणि शिवीचं केलं 'तुला काही कळत नाही'.

वकीलबाई हिरमुसल्या. "इतकंच? मला वाटलं काहीतरी वाईट असेल. वाईट असतं तर बरं झालं असतं."

तेव्हा उलगडलं. सरकारी वकिलांनाही हा खटला नकोच होता. कबुलीला शस्त्राशिवायचं काहीतरी सापडलं तर ते विचार करणार होते. पण इथे खोटी कबुली चालत नाही, केलेलंच सांगावं लागतं. म्हणून दोन्ही बाजूंचे वकील मिळून या मुलाचा एखादा खरा, छोटा, शस्त्र नसलेला अपराध शोधत होते. भर रस्त्यात आरडाओरडा, लाथ, लोकांना त्रास: सार्वजनिक जागी बेशिस्त वर्तन, जास्तीत जास्त ३० दिवस. न्यू जर्सीच्या व्याख्येत याला 'क्राइम'सुद्धा म्हणत नाहीत.

मी घसा साफ केला आणि शिवीचं खरं भाषांतर सांगितलं. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, तोही इंग्रजीत, एका वकिलाला, स्पेलिंगसकट.

इमिग्रेशनच्या वकिलांनी नवा कागद दोनदा वाचला. 'चालेल' असं ते म्हणाले नाहीत, तशी माणसं म्हणत नाहीत. "यात शस्त्र नाही," एवढंच म्हणाले.

कबुलीच्या दिवशी तो दाजींचा कोट घालून उभा होता, खांद्यात सैल. उजवा हात वर. न्यायाधीशांनी विचारलं, त्या रात्री रस्त्यावर तुम्ही काय केलंत? ओरडलो. किती मोठ्याने? खूप. आणखी? दाराला लाथ मारली. तिथून लोक जात होते, त्यांना त्रास होईल हे लक्षात आलं होतं का? आलं होतं, पर्वा केली नाही. काय ओरडलात? तो क्षणभर थांबला, मग इंग्रजीत म्हणाला, मी सांगितलं होतं, मीच सांगितलं होतं, आणि पुढे एक अपशब्द. न्यायाधीशांनी अपशब्द विचारला नाही. पिस्तूल सरकारजमा. दंड. बाकीची कलमं मागे.

पिस्तुलाबद्दल त्या खोलीत कुणी चकार शब्द काढला नाही. ज्याच्यासाठी आठ महिने आम्ही उभे होतो ते जणू घडलंच नव्हतं, आणि जे घडलं हे आम्हाला आठ महिने माहीतच नव्हतं त्याची त्याने शपथेवर कबुली दिली. हा न्याय आहे का, मला सांगता येत नाही. ताईने बाहेर आल्यावर चपला काढून जिन्यालाच नमस्कार केला.

भांडं आधीच परत मिळालं होतं, झाकण नाही मिळालं. घरी परतताना मी गाडी चालवत होते, तो शेजारी. पुलावर आलो तेव्हा म्हणाला, "मावशी, त्या शिवीचं तू काय भाषांतर केलंस?"

मी सांगितलं.

"छे," तो म्हणाला. "आजोबा ती त्या अर्थाने नाही वापरायचे."